काचपेटीतला चौथा

कवळीवालीला राग आला की तिचे हात हळू चालायला लागायचे. लॅबमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी ती मेणाच्या पट्टीत दात बसवायची ते वाटाणे सोलावेत तसे, बोलता बोलता, मान वर करून. पण ज्या दिवशी ती एकेक दात चिमट्यात धरून, उजेडाकडे फिरवून, ठेवून, पुन्हा उचलून बघायला लागायची, त्या दिवशी पॉलिशच्या यंत्रावरची बाई रेडिओ बारीक करायची आणि मालक आपण होऊन चहा सांगायचे. गेले काही महिने लॅबमध्ये चहा फार होत होता.

तिचं काम कवळ्या करायचं. दवाखान्यांतून तोंडांचे साचे यायचे. त्यांत प्लॅस्टर ओतून ती हिरड्या उभ्या करायची, हिरड्यांवर मेण, मेणात दात. वरचा जबडा खालच्याशी नीट जुळेपर्यंत ती ते उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. नव्याने शिकायला आलेल्यांना ती एवढंच सांगायची की दात एकमेकांना टेकले पाहिजेत, एकमेकांच्या उरावर बसता कामा नयेत. माणूस भेटला की ती आधी दात बघायची आणि मग चेहरा. त्यामुळे तिला माणसं ओळखायला थोडा उशीर व्हायचा, पण एकदा ओळखली की ती चुकायची नाही.

नवऱ्याच्या बाबतीत तेवढी चुकली. त्याचे दात फार देखणे होते, सरळ, पांढरे, एकसारखे. लग्न ठरलं तेव्हा ती या कामात पडलेली नव्हती, नाहीतर तिला तेव्हाच कळलं असतं की पन्नाशीपर्यंत ज्याचे दात झिजणार नाहीत असं वाटतं, त्या माणसाने आयुष्यात कधी दात आवळून काही सोसलेलं नसतं. त्याच्या वाटचं दुसऱ्या कुणीतरी आवळलेलं असतं. तिच्या स्वतःच्या दाढा आता सपाट झाल्या होत्या.

नवरा विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे टिपायचे आणि वर येऊन त्यांच्याकडचं पाणी प्यायचं. गोड बोलायची सवय त्या कामाची होती की काम त्या सवयीमुळे मिळालं होतं, देव जाणे. सगळ्या वस्तीचा तो दादा होता. कुणाला गाडी हवी, कुणाला शिडी, कुणाला रात्रीपुरती गादी, दादा नाही म्हणायचा नाही. "त्यात काय," तो म्हणायचा, "जागा आहे की." जागा कुठे आहे आणि ती कुणाची आहे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. गादी घालायची बायकोने, उचलायची बायकोने. दादाचं मन मोठं, असं लोक म्हणायचे. मोठ्या मनाला घर लहान पडतं आणि त्याचा त्रास मनाला होत नाही, हे लोकांना कुणी सांगायचं?

घर तीन खोल्यांचं. बाहेरची, स्वयंपाकाची आणि मागची छोटी. ती छोटी खोली कधी रिकामी अशी राहिलीच नाही. आधी तिथे सासूबाई होत्या, त्यांच्यानंतर नवऱ्याचा एक चुलतभाऊ परीक्षेला म्हणून आला तो नोकरी लागल्यावरच हलला, आणि मग मुलगा मोठा झाला. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला त्या आठवड्यात कवळीवालीने ती खोली धुऊन काढली. एक टेबल ठेवलं, एक दिवा, एक खुर्ची. दाराला आतून कडी बसवून घेतली. संध्याकाळी लॅबमधून आली की ती आत जाऊन बसायची.

आत काय करतेस, असं नवऱ्याने विचारलं. बसते, ती म्हणाली. बसते म्हणजे काय करतेस, त्याने पुन्हा विचारलं. बसते म्हणजे बसते. त्याने हे गंमत म्हणून चार जणांना सांगितलं.

विंचू आले ते चपलेमुळे. लॅबहून येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तार मागायला म्हणून ती रस्त्यावरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने तार दिली, पक्कड दिली, बसायला स्टूलही दिलं. त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती आणि ती लपवायला तो ओठ मिटून बोलत नव्हता, म्हणून तिला तो बरा वाटला. अंगठा वळता वळता तिचं लक्ष खालच्या टबाकडे गेलं. त्यात काळे कुळकुळीत, हाताच्या पंजाएवढे विंचू एकमेकांना लागून पडले होते. कुणी कुणाला काही करत नव्हतं. ती वाकून बघत राहिली. विंचू असे राहतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

सगळे राहत नाहीत, दुकानदार म्हणाला. ही जात राहते, आणि तीही एका आईची पिल्लं एकाच टबात वाढली असतील तर. त्यालाही अटी आहेत. प्रत्येकाला लपायला आपापलं बीळ पाहिजे, आणि वर एक बीळ जास्तीचं. खायला घालायचं ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत. बाहेरचा एकही आत सोडायचा नाही, लहान नाही, मोठा नाही, अगदी याच जातीचा असला तरी नाही.

तिने विचारलं, यांना एकमेकांबद्दल माया असते का?

"माया कसली, बाई," दुकानदार म्हणाला. "सहन करतात. तेवढं पुरतं."

हे उत्तर तिला फार आवडलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, आणि तो चक्क हो म्हणाला. हो म्हणणं हा त्याचा धंदाच होता, पण या वेळी तो सुट्टीच्या दिवशी बरोबरही आला. तिने सगळ्यात गुबगुबीत होती ती निवडली, त्याने एका पायाचं टोक तुटलेला निवडला, आणि दोघांचं तिसऱ्यावर एकमत होईना तेव्हा दुकानदाराने आपल्या मनाने एक काढून दिला. जाडी, लंगडा आणि तिसरा. काचेची पेटी खांद्यावर घेऊन नवरा जिना चढला तो प्रत्येक मजल्यावर थांबत, घरी विंचू आणलेत हे सांगत, घाबरणाऱ्यांची चेष्टा करत. मधमाशी चावली तर जेवढं होतं तेवढंच होतं, असं तो मोठ्या अधिकाराने सांगत होता. मागून खत आणि भुश्शाची पिशवी घेऊन येताना ती हसत होती. कितीतरी वर्षांत दोघांनी मिळून विकत आणलेली ती पहिली वस्तू होती.

बिळं तिने लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत केली, उरलेल्या प्लॅस्टरची, टाळूच्या आकाराची, एका बाजूने उघडी. मालकांनी एक उचलून विचारलं की हा कुठल्या पेशंटचा जबडा. विंचवाचा, ती म्हणाली. मालक हसले नाहीत. त्यांनी तो जपून खाली ठेवला आणि चहा सांगितला. तिने चार बिळं केली. पेटीत ती अशी मांडली की एकाचंही तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर येणार नाही. तिघांनी तीन घेतली. चौथं रिकामं राहिलं, पण कायमचं कुणाचंच नाही असं. कधी जाडीचं आणि तिसऱ्याचं बिनसलं की त्यांतलं एक जण उठून चौथ्यात जायचं, दिवसभर पाठ करून बसायचं आणि मग आपल्या जागी परतायचं. निळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी होती, ती लावली की तिघंही हिरवट चमकायचे. दिवा बंद करून ती ते बघत बसायची. कडी लावून.

आणि मग एकदा जेवताना नवरा म्हणाला, अगं, धाकटा येतोय, चार दिवस.

धाकटा म्हणजे तिचा दीर. पंचेचाळिशीचा, बोलघेवडा, अंगाने सैल. ज्या गोदामात तो होता ते बंद पडलं होतं आणि बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती परत यायचं नाव घेत नव्हती. फोनवर रडत होता बिचारा, नवरा म्हणाला. म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय मला कोण आहे. आता मी काय नाही म्हणू?

कुठे झोपणार, तिने विचारलं. छोट्या खोलीत, दुसरं कुठे? मग मी?

"तू काय," नवरा भाताचा घास कालवत म्हणाला, "तू तर नुसती बसतेस तिथे."

दीर दोन बॅगा घेऊन आला. पेटी हलवायची नाही, एवढंच तिने बजावलं, कारण पेटीखाली ऊब द्यायला ठेवलेली विजेची पट्टी जोडायचं बटण त्याच भिंतीला होतं. पेटी हलली नाही. बाकी सगळं हललं. टेबलावर दाढीचं सामान आलं, खुर्चीवर पँट आली, पेटीच्या जाळीच्या झाकणावर ओला टॉवेल आला. टॉवेल तिने उचलून दोरीवर टाकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकणावर. विंचवांना थंडावा मिळतो, असं दिराचं मत होतं. कडीचा प्रश्नच मिटला, कारण आत तो होता.

हे परवडलं असतं. पण दीर तिला सोडेना. ती स्वयंपाकघरात गेली की तो मागोमाग यायचा, ओट्याला टेकून उभा राहायचा आणि गोदामातल्या गोष्टी सांगायचा. ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली की पत्ते काढायचा. "वहिनी, बसा ना, एक डाव टाकू." ती कपडे घडी करायला लागली तर समोर बसून एकेक कपडा उलटा घडी करायचा. नवरा टीव्हीसमोर बसलेला असायचा, आणि मधूनच दोघांकडे बघून त्याचे ते सुंदर दात दाखवायचा, एखाद्याने झाडं लावावीत आणि ती जगावीत तसा.

चार दिवसांचे महिने झाले. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. आधी नीट, मग धारेवर धरून. तो म्हणायचा, मी बघतो. म्हणायचा, जरा दमाने घे. एकदा म्हणाला, माझा भाऊ आहे तो, विंचू नाही. विंचू असता तर बरं होतं, ती म्हणाली, विंचू पत्ते खेळत नाही. हेही त्याने गंमत म्हणून चार जणांना सांगितलं, आणि त्या चौघांतला एक दीरच होता. दीर पोट धरून हसला. लॅबमध्ये त्या आठवड्यात एका म्हाताऱ्याची कवळी इतकी सुरेख झाली की डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. हातच इतके हळू चालत होते.

पॉलिशवालीचं म्हणणं होतं की सरळ दिरालाच सांगून टाक. पण घरी आलेल्या माणसाला जा म्हणायचं, ज्याची बायको गेली, नोकरी गेली त्याला म्हणायचं, तर आपण कोण ठरतो, हे कवळीवालीला नीट ठाऊक होतं. दादाचं मन मोठं आणि वहिनीचं एवढंसं. ती गोष्ट वस्तीत फिरायला एक संध्याकाळ पुरली असती. म्हणून ती गप्प होती, आणि दाढा आणखी झिजत होत्या.

त्या दिवशी ती घरी आली तर दोघे भाऊ छोट्या खोलीच्या दारात उभे. दोघांच्या चेहऱ्यावर तेच हसू. नवरा म्हणाला, डोळे मीट. तिने मिटले नाहीत. मग त्याने तसंच सांगून टाकलं. पलीकडच्या वस्तीत मीटर वाचायला गेला होता, तिथल्या एका घरात असलेच प्राणी पाळतात. बायकोला विंचवांची आवड आहे असं बोलता बोलता निघालं, तर त्या गृहस्थांनी बरणीत घालून एक विंचू फुकट दिला. इतक्या प्रेमाने देत होते, नाही कसं म्हणायचं? आणि हल्ली तू जरा घुश्श्यात असतेस, म्हटलं खूश होशील.

बरणी कुठाय, तिने विचारलं.

बरणीत कशाला, नवरा म्हणाला. दुपारीच पेटीत सोडला. चौथं घर रिकामंच होतं की.

तिने पर्स खाली ठेवली. दिवा बंद केला, निळी बॅटरी लावली. जाडी काचेच्या कोपऱ्यात उभी होती, मागच्या पायांवर, चिमटे काचेला लावून, जेवढं वर जाता येईल तेवढी वर. तिसरा आपल्या बिळात पार आत, शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. आणि चौथ्या बिळाच्या तोंडाशी नवा होता. त्याचे चिमटे बारीक होते आणि शेपूट जाड. असा दिसला तर तो एकटाच ठेवायचा आणि हात जपायचा, हे तिला दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने लंगड्याला धरलं होतं. लंगडा अर्धा उरला होता. उरलेला अर्धाही हिरवा चमकत होता, कारण विंचू मेला तरी चमकतो.

तिने लॅबचा लांब चिमटा आणला. बरणी मागितली. नव्याला शेपटीला धरून अलगद उचललं, बरणीत सोडलं, झाकण फिरवलं. लंगड्याचं जे होतं ते कागदावर काढलं. जाडीला कोपऱ्यातून खाली घ्यायला तिला फार वेळ लागला. दोघे भाऊ दारात उभे होते आणि तिचे हात किती हळू चालले आहेत हे त्यांतल्या एकालाही कळत नव्हतं.

"मला वाटलं, होईल सवय," नवरा म्हणाला. "एक घर रिकामं होतं ना गं."

"ते रिकामंच ठेवायचं असतं."

"मग केलंस कशाला?"

"कुणाला कुणाचं तोंड बघवलं नाही तर जायला जागा असावी म्हणून. ती जागा कुणाला द्यायची नसते. ती जागा असते म्हणून बाकीचे एकमेकांना खात नाहीत. कळतंय का मी काय सांगतेय?"

"विंचवांचं सांगतेयस."

"हो. विंचवांचंच."

त्याने दात दाखवले. झालं गेलं, तो म्हणाला, दुसरा आणू. तेव्हा तिने त्याच्याकडे पाठ केली आणि दिराकडे वळली. इतके महिने जे ओठांवर येऊन परत गेलं होतं ते तिने अगदी साध्या आवाजात विचारलं. भाऊजी, तुम्ही कधी जाणार?

दिराचं तोंड उघडं राहिलं. खालचे पुढचे दात वेडेवाकडे, हे तिने सवयीने पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "पण तुम्हीच तर बोलावलंत."

मग त्याने सांगितलं ते असं. तो रडला वगैरे नव्हता. गोदाम बंद झाल्यावर तिथल्याच एका सोबत्याबरोबर त्याने खोली घेतली होती, दुसऱ्या गोदामात कामाचं बोलणं झालं होतं, बायको नाही म्हणजे घरात शांतता होती. तर दादाचा फोन आला. मुलगा गेल्यापासून तुझी वहिनी एकटी पडलीय, दार लावून बसते, आता तर विंचू पाळायला लागलीय. सारखी म्हणते, भाऊजींना बोलवा, घर खायला उठतं. तू ये, तिच्याशी बोलत जा, तिला जरा गुंतवून ठेव. म्हणून तो आला होता. ठरत आलेलं काम सोडून आला होता. दुसऱ्या गोदामातली जागा हातची गेली, तरी तो इथेच थांबला, कारण वहिनींचं मन त्याला मोडवेना.

"मला पत्ते आवडत पण नाहीत," दीर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मला वाटलं तुम्हाला आवडतात."

 इतके महिने तिने ज्याच्यावर राग धरला होता तो माणूस तिच्याच कामावर ठेवलेला होता, आणि तो काम मन लावून करत होता. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिच्या डोक्यात काहीतरी सरकत जाऊन जागेवर बसलं, जसा नीट न बसलेला जबडा एका झटक्यात बसतो, आणि मग तो राग सगळाच्या सगळा उचलून तिने जिथे ठेवायचा तिथे ठेवला.

नवरा म्हणाला, यात एवढं काय झालं. तसं सांगितल्याशिवाय तो आला नसता. आणि तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. दोघांच्या भल्याचंच केलं ना मी? चांगल्या गोष्टीसाठी थोडं इकडचं तिकडे करावं लागतं.

"माझ्या तोंडचं?" ती म्हणाली.

"तुझ्या म्हणजे आपल्याच ना."

दीर दुसऱ्या दिवशीच गेला. बॅगा भरताना तो भावाशी अवाक्षर बोलला नाही. सोबत्याने खोलीत अजून जागा ठेवली होती, ते एक बरं होतं. जिन्यापर्यंत ती पोचवायला गेली तेव्हा त्याने माफी मागितली. तुमच्यावर माझा राग नाही, ती म्हणाली. हे अगदी खरं नव्हतं. टॉवेलबद्दल थोडा होता.

नव्या विंचवाला घेऊन ती दुकानात गेली. दुकानदाराने बरणी फिरवून बघितली आणि म्हणाला, हा एकटाच राहणारा, ज्याने दिला त्याच्याकडेही याने कुणालातरी खाल्लं असणार, उगाच कोण फुकट देतं? हवं तर इथे सोडून जा. तिने विचार केला. याला तरी कुणी विचारलं होतं, तुला कुठे राहायचंय म्हणून? तिने एक छोटी पेटी घेतली, एक बीळ, आणि ती पेटी घरी आणून बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या खुर्चीशेजारच्या फळीवर ठेवली, टीव्हीच्या अंगाला. नवरा दचकून म्हणाला, इथे? जागा आहे की, ती म्हणाली.

त्यानंतर तो फार चांगला वागला. स्वतः चहा करून द्यायचा. छोट्या खोलीच्या दारावर टकटक करून मगच आत डोकावायचा, आणि आपण टकटक केली हे तिच्या लक्षात आलं की नाही ते बघायचा. यापुढे विचारल्याशिवाय काही नाही, त्याने कबूल केलं. तिने मान हलवली. रात्री जेवताना दोघं कमी बोलायचे. राग गेला नव्हता. फक्त त्याला आता बसायला खुर्ची होती, दिवा होता, कडी होती.

सुट्टीच्या दिवशी ती पेटी साफ करत बसली होती. जाडी आणि तिसरा दोन डब्यांत काढलेले, जुना भुस्सा कागदावर उपसलेला, हात कोपरापर्यंत मळलेले. बाहेर फोन वाजला. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई दुसऱ्या शहरात असायच्या, वर्षाकाठी एखादा फोन करायच्या आणि तो भावालाच. कवळीवालीशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं, पण धड बोलणंही नव्हतं. त्यांना आपण आवडत नाही, असं तिला वाटत आलं होतं.

दार उघडंच होतं. नवऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. अगं ये की ताई, विचारायचं काय त्यात. डोळ्यांचं इथेच दाखवू, महिनाभर निवांत राहा. खोली रिकामीच आहे. छे छे, तिला कसली अडचण, ती पण कालच म्हणत होती, ताईंना बोलवून घ्या म्हणून.

तिने हातातलं बीळ खाली ठेवलं. उठली. हात पुसायचं तिला सुचलं नाही. बाहेर आली तर नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता, एक पाय दुसऱ्यावर टाकून, मान मागे, ऐकणाऱ्याला हसू ऐकू यावं असा. खोटं बोलताना माणूस जरा तरी आखडतो अशी तिची समजूत होती. हा इतका सैल उभा होता की तिला कळलं, हे त्याच्या दृष्टीने खोटं नव्हतंच. आपल्या तोंडाने बोलणं आणि तिच्या तोंडाने बोलणं यात त्याला फरकच वाटत नव्हता.

तिने त्याच्या हातातून फोन घेतला. फोनला भुस्सा लागला.

"ताई, मी बोलतेय. मी काल असं काही म्हटलेलं नाही."

 नवरा हातवारे करायला लागला, मग कुजबुजायला. तिने एक हात वर करून त्याला थांबवलं.

"तुम्ही यायला माझी ना नाही," ती म्हणाली. "डोळे दाखवायचे तर या, बाहेरच्या खोलीत सोय करू. छोटी खोली माझी आहे, ती देणार नाही. पण मी बोलवा म्हटलं नव्हतं. मला हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय."

 ती वाट बघत राहिली. आता ताई फोन ठेवतील, मग वस्तीत नाही तर नातेवाइकांत तरी आपलं नाव होईल, आणि होऊ दे, असं तिने मनाशी धरलं. पण ताईंनी फोन ठेवला नाही.

"मग ते दातांच्या वर्गाचं?" ताईंनी विचारलं.

"कसल्या वर्गाचं?"

"इथल्या डॉक्टरांनी सुरू केला होता बघ. पोर्सेलीनचे दात करायला शिकवायचे. माझी कवळी तूच केली होतीस ना, ती बघून ते म्हणाले, या बाईंना पाठवा, काही महिन्यांचाच प्रश्न आहे. राहिली असतीस माझ्याकडे. मी दोनदा फोन केला. तर हा म्हणाला, तिची इच्छा नाही. ती म्हणते, घर सोडून मी कुठे जायची नाही, ताईंना सांगा उगाच मध्ये पडू नका. मला फार लागलं होतं ते. म्हणून मी पुन्हा तुझ्याशी बोलले नाही."

कवळीवालीने नवऱ्याकडे बघितलं. तो फळीवरच्या छोट्या पेटीकडे बघत होता. त्याने ओठ मिटले होते. इतक्या वर्षांत तिने त्याला ओठ मिटलेला असा पहिल्यांदाच पाहिला, आणि दात झाकल्यावर तो चेहरा कुणाचा आहे ते तिला पटकन ओळखता येईना.

पोर्सेलीनचे दात ती कधीच शिकली नाही. लॅबमध्ये ते काम आलं की मालक बाहेर पाठवायचे.

तो म्हणाला, अगं, तेव्हा मुलगा लहान होता, आई होती, घर कुणी बघायचं? मी तुला विचारलं असतं तर तू.

वाक्य त्याने पुरं केलं नाही, कारण ती फोन कानाला लावून छोट्या खोलीत निघाली होती. आत जाऊन तिने मळक्या हाताने कडी लावली. दोन डब्यांत जाडी आणि तिसरा निमूट पडले होते. तिने खुर्चीवरचा कागद बाजूला केला.

"सांगा ताई," ती म्हणाली. "आजवर मी आणखी काय काय म्हटलंय?"

"बसलीयेस ना नीट?" ताई म्हणाल्या. "वेळ लागेल."